वाहक

कोकिळाबाई शिंपींचा कूलर गच्चीवर,
पाठ भिंतीला, तोंड उन्हाला.
"दिवाळीपाईन कोरडा शे बाई," त्या म्हणतात,
"पानीना थेंब नही त्यामा. काय शोधी राहिनी तू?"

मी टॉर्च आत घालते.
पत्र्यावर गेल्या पाण्याची रेघ, खारी, पांढरी,
आणि रेघेच्या बोटभर वर
कुणी काजळाची काडी झटकावी तसे ठिपके.

ऑक्टोबरातले असणार.
त्यांच्या लोकेशला ताप होता त्या पंधरवड्यातले,
प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या तेव्हाचे.
ती पाण्यात घालत नाही अंडी.
पाण्याच्या जरा वर घालते.
पाणी परत येईल, एवढा तिचा भरवसा.

ब्लेडनं खरवडून घेते कागदावर.
डबीवर गल्ली, घर, तारीख.
खाली उतरता उतरता सांगते,
काथ्यानं घासा, आतून, कोपरेसुद्धा,
नुसतं ओतून देऊ नका.
"बरं," त्या म्हणतात. "तुनी माय कशी शे?"

नंदुरबारातली आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या,
एक बेसिन, आणि मिरचीच्या हंगामात
दार लावलं तरी आत येणारा ठसका.
बशीत पाणी ओततो.
चहा संपायच्या आत काही उघडतात.
सहा महिने पत्र्याला चिकटून भाजलेली,
आणि आता अशी वळवळतात
जसं मधे काही झालंच नाही.

त्यांना वाढवायचं. जाळीत, साखरपाण्यावर.
माणूस चाखू द्यायचा नाही एकीलाही.
मग पंचवीस-पंचवीस एका नळीत चिरडून
पुण्याला.

पुण्याचा कागद बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो.
यंदा एका नळीपुढे 'आहे' आलं.
भोकरे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"रक्ताचा थेंब माहीत नाही यांना.
मग आणलं कुठून?"
त्यांना ठाऊक होतं. तोंडी परीक्षा घेत होते.
"आईकडून," मी म्हटलं.
"आणि नर?"
"नरही. चावत नाहीत, तरी बाळगतात."
"आईला काय होतं?"
"काही नाही, सर. तिला ताप येत नाही."

माझ्या पाकिटात पिवळं कार्ड आहे.
आश्रमशाळेत, आठवीत,
बोट टोचून दिलेलं.
नाव : गुली बोंदर पावरा.
त्याखाली, रबरी शिक्क्यानं, तिरकं : वाहक.
मलाही ताप येत नाही.
आईचं कार्ड घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत,
तोच रंग, थोडा विटलेला.
तिनं काय दिलं हे तिला कळलं
मला दिल्यानंतर चौदा वर्षांनी.

डासाचं शंभरात एखादं, कधी हजारात.
आमचं दोनात एक.

मोलगीचा मुलगा बघून गेला.
हसला चांगला. त्याचंही पिवळं.
समुपदेशक बाईंनी कागदाच्या पाठीवर चार चौकोन काढले,
एक पांढरा, दोन पिवळे,
आणि चौथ्यासाठी लाल पेन शोधत राहिल्या.
"असू द्या," मी म्हटलं, "समजलं."

रागावू कुणावर?
ती पट्टेरी पायांची, काळी,
पोटात आलेलं तेवढं पुढे देते,
त्यात निवडानिवड करायला तिला कुणी शिकवलं नाही.
मला मात्र शिकवलंय.
चार चौकोन, पेन, पिशवीतलं कार्ड.
त्यानं सोपं होतं असं नाही.

शनिवारची धडगाव गाडी.
पुढच्या सीटवर, खिडकीच्या वर,
महामंडळाच्या अक्षरांत रंगवलेलं : वाहक.
मी नेमकी त्याच्यामागं बसते.
चांदसैलीचा घाट लागायच्या आधी तो उठतो,
मशीन गळ्यात, बोटं शाईनं काळी,
"सुट्टे द्या, ताई."
पाकीट उघडते. नोटांच्या आधी
ते पिवळं हाताला लागतं.
"किती?"
घाटाच्या पहिल्या वळणाला गाडी कलते,
मी दांडा धरते.

"एक," मी म्हणते.
"धडगाव. सध्या एकच."